काचेच्या तंतूची साठवण : भिंतीवरील पेटीविषयी काही अनुभव

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आमच्याकडे 'व्यापारास उपयोगी पडेल असे काही' लिहून मागितले, तेव्हा गव्हाच्या साठवणीविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयावर आपल्या सभासदांस सांगण्याजोगे आमच्यापाशी नवे असे काहीच नाही. पेव, कणगी, कोठी आणि गोदाम यांचे ज्ञान प्रत्येकाच्या घरी वडिलोपार्जित चालत आलेले आहे. म्हणून एका निराळ्याच वस्तूच्या साठवणीविषयी लिहिण्याचे योजिले आहे. ती वस्तू म्हणजे आपल्या घरांत आणि पेढ्यांवर हल्ली आलेली इंटरनेटची बारीक केबल, जिला सर्व जण फायबर म्हणतात. ती भिंतीवरील पेटीत कशी ठेवावी, पेटीतून लागेल तेवढी कशी बाहेर काढावी आणि उरलेली कोठे राहू द्यावी, एवढाच आमचा विषय आहे. आम्ही धान्याचे घाऊक व्यापारी आहोत आणि आमचे शिक्षण मॅट्रिकपलीकडे गेलेले नाही. तरीही या विषयात लक्ष घालावे लागले, याचे कारण एक नुकसान होय. ते आधी सांगतो.

आमची पेढी आणि राहते घर रामघाटाच्या वरच्या अंगास असलेल्या एका गल्लीत आहे. गोदाम मात्र चिमणगंज मंडीच्या बाजूस आहे. दोन वर्षांपूर्वी कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या रात्री गोदामात सोयाबीनची एक मालमोटार भरून तयार झाली. माल धुळ्याकडील एका तेलगिरणीस जावयाचा होता. सुटा गहू करमुक्त असल्यामुळे त्यास ई-वे बिल लागत नाही, परंतु सोयाबीनवर कर असल्याने पन्नास हजारांवरच्या मालास ते लागते. परराज्यात जाणाऱ्या मालासाठी ही व्यवस्था १ एप्रिल २०१८ पासून सक्तीची झाली, हे सर्वांस ठाऊक आहेच. बिलावाचून गाडी हलवावी तर वाटेत अडकण्याचे आणि दंडाचे भय. सकाळी मुनीमजी संगणकापुढे बसले, तो राउटरच्या पेटीवर तांबडा दिवा लागलेला. मोबाइलवरून काम करावे तर पर्वस्नानास रामघाटावर लोटलेल्या गर्दीमुळे फोनसुद्धा नीट लागेना, मग बिल कोठून निघणार? अखेर आमच्या पुतण्याने बंद केलेल्या रस्त्यांतून वाट काढीत मंडी गाठली आणि एका व्यापारी बंधूंच्या दुकानी बसून दुपारी तीन वाजता बिल काढले. गाडी सहा-सात तास उभी राहिली. गिरणीचा दरवाजा दुसऱ्या दिवशी वेळेत गाठता आला नाही, आणि गिरणीवाल्यांनी उशिराच्या निमित्ताने भाव तोडला. गाडीवानाचे थांबल्याचे पैसे द्यावे लागले ते वेगळेच.

संध्याकाळी कारागीर आला. त्याने लहानसे मापयंत्र लावून पाहिले आणि मग केबलचा माग काढीत वजनकाट्याच्या मागे गेला. तेथे भिंतीतल्या खिळ्यास उरलेल्या केबलचे भेंडोळे टांगलेले होते. जोडणी करणाऱ्यांनी ती केबल आखूड पडू नये म्हणून सुमारे वीस मीटर जास्त सोडली होती. ती लोंबते हे मुनीमजींस खपले नाही, म्हणून त्यांनी पोत्याच्या सुतळीने तिची मोळी करकचून बांधली. त्या मोळीवर पुढे कोणी हरभऱ्याचे पोते टेकविले. दोष कोणाचा म्हणावा, तर आमचाच. कारागिराने सुतळी कापली, भेंडोळे मोकळे केले आणि दिवा हिरवा झाला. यंत्रावरचा आकडा आधी उणे एकतीस होता, तो उणे एकवीस झाला.

या आकड्यांचा अर्थ आम्ही त्यास तेथेच विचारला. प्रकाशाच्या बळाचे हे माप डेसिबेलमध्ये धरतात. ते सरळ हिशेबाने चालत नाही. तीन अंकांनी घसरले तर बळ निम्मे होते, दहा अंकांनी घसरले तर दहावा हिस्सा उरतो. म्हणजे एक क्विंटल माल निघाला आणि पोहोचताना दहा किलो भरला, असे ते झाले. आपल्या घरी बसविलेल्या यंत्रास साधारण उणे सत्तावीसपर्यंतचा क्षीण प्रकाश वाचता येतो, त्याखाली ते आंधळे होते. मोळी बांधल्याच्या दिवशी काहीच बिघडले नव्हते, कारण तेव्हा थोडी पुंजी शिल्लक होती. पोत्याच्या भाराने ती संपली.

आता एवढ्याशा पिळाने प्रकाश का गळावा? ज्यांनी लहानपणी रामघाटावर पोहण्याचा उद्योग केला आहे त्यांस हे चटकन समजेल. पाण्याखाली बुडी मारून सरळ वर पाहिले तर आकाश दिसते. परंतु फार तिरपे पाहिले तर पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि खालचेच काहीतरी त्यात उलटे दिसते. पाण्यातून तिरपा आलेला प्रकाश हवेत न जाता परत पाण्यात वळतो, हे त्याचे कारण. काचेच्या तंतूतही असेच घडते. आतला गाभा किंचित घन काचेचा असतो, भोवतालचे कवच किंचित विरळ काचेचे असते. गाभ्यातला प्रकाश कवचाच्या सीमेवर फार तिरपा आदळतो, म्हणून आतच राहतो आणि पुढे जातो. तंतू मुरडला की त्याचा तो तिरपेपणा बिघडतो आणि तो कवचातून बाहेर निसटतो. शास्त्रज्ञ हे लहरींच्या भाषेत अधिक काटेकोर सांगतात, पण आपल्या कामापुरते एवढे पुरे.

हा विचार काही आजचा नाही. जिनिव्हाच्या कोलादोन यांनी १८४२ साली पाण्याच्या धारेतून प्रकाश वळवून दाखविला होता. पुढे पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॉपकिन्स यांच्यासमवेत काम करून काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेता येते हे १९५४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. या विद्येचे इंग्रजी नाव रूढ करण्याचा मानही कपानी यांस दिला जातो. ते २०२० साली निवर्तले आणि पुढील वर्षी भारत सरकारने त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण दिले. परंतु त्या वेळच्या काचेतून प्रकाश काही मीटरांतच विझत असे. १९६६ साली चार्ल्स काओ आणि हॉकहॅम यांनी दाखवून दिले की खोट काचेच्या जातीत नसून तिच्यातील अशुद्धतेत आहे. एक किलोमीटर अंतरानंतर शंभरांश प्रकाश जरी उरला तरी तारायंत्राच्या कामी काच वापरता येईल, असा त्यांचा हिशेब होता. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने ती मर्यादा गाठली. आजच्या उत्तम तंतूत निम्मा प्रकाश उणा होण्यास पंधरा किलोमीटर जावे लागते. काओ यांस २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात टेलिफोन केंद्रांमधील पहिला काच-तंतू १९७९ साली पुण्यात चालू झाला, आणि आज छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज येथे असा तंतू कारखान्यात ओढला जातो, ही गोष्ट मराठी माणसाने सांगण्यास हरकत नाही.

आता तंतूचे आकारमान पाहू. काचेचा धागा मिलिमीटरचा आठवा हिस्सा एवढा जाड असतो, आणि प्रकाश ज्यातून धावतो तो गाभा हजार भागांच्या मिलिमीटरमधील जेमतेम नऊ भाग. काचेवर प्लॅस्टिकचा लेप असतो, त्यावर बळकटीचे धागे आणि सर्वांवर बाहेरचे वेष्टण. केबल ओढल्यास सहज तुटत नाही, म्हणून लोकांस ती चिवट वाटते. पण ओढण्याचे बळ निराळे आणि वाकण्याची सोसणूक निराळी. तागाची दोरी आणि काचेची कांडी एकाच वेष्टणात घातलेली आहेत असे समजावे.

किती वाकवावे याचे नियम ठरलेले आहेत. जुन्या सर्वसाधारण जातीच्या तंतूस तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा लहान वेटोळे घालू नये, असे धरतात. घरांतील कोपऱ्यांचा विचार करून पुढे ज्या जाती निघाल्या त्यांत एकीस एक सेंटिमीटर आणि दुसरीस पाऊण सेंटिमीटरपर्यंत वळण सोसते. कोणती जात आपल्या घरी आली आहे हे केबलवर छापलेले असते, पण अक्षर इतके बारीक की आमच्यासारख्यास भिंग लागते. जात कळत नसेल तर तीन सेंटिमीटरचाच नियम पाळावा. साध्या चहाच्या पेल्याभोवती केबल गुंडाळली तर ती सुरक्षित, अंगठ्याभोवती गुंडाळली तर शंकास्पद, आणि सुतळीने आवळली तर वर सांगितल्याप्रमाणे मालमोटार उभी राहते.

येथे भिंतीवरील पेटीचे काम सुरू होते. विजेच्या बटणांच्या पेटीएवढी ही पेटी असते. तिच्यात एक न फिरणारा गोल कणा असतो. त्याची त्रिज्या तीन सेंटिमीटर धरली तर एका वेढ्यास एकोणीस सेंटिमीटरच्या आतबाहेर तंतू लागतो, आणि पाच वेढ्यांत जवळजवळ एक मीटर मावतो. बाहेरून आलेली केबल येथे सोलतात, तिच्यातील तंतू विजेच्या ठिणगीने वितळवून दुसऱ्या आखूड तंतूस जोडतात, आणि जोड एका खाचेत निजवितात. वेढ्यांत ठेवलेला तो मीटरभर तंतू म्हणजे घरातील राखीव धान्यच. जोड बिघडला तर पुन्हा कापून जोडण्यास तेवढा पुरतो, बाहेरून नवी केबल आणावी लागत नाही. राखीव काहीच ठेवले नसेल तर एका चुकीच्या कापण्यासाठी खांबापासूनची सारी ओढ नव्याने करावी लागते.

दुसऱ्या प्रकारच्या पेटीत फिरते रीळ असते आणि त्यावर बारीक केबल पुष्कळ लांब गुंडाळलेली असते. खोलीत यंत्र जेथे ठेवावयाचे तेथपर्यंत केबल ओढावी, उरलेली रिळावरच राहू द्यावी. म्हणजे भेंडोळे नाही, खिळा नाही, मुनीमजींची सुतळीही नाही. पण यात एक गमतीची अडचण आहे आणि आम्ही तीवर दोन दिवस डोके खाजविले. केबलचे एक टोक भिंतीतून आलेल्या तंतूस जोडलेले, दुसरे यंत्रास जोडलेले. दोन्ही टोके बांधलेली असताना रीळ फिरेल कसे? फिरविले तर आतल्या टोकास पीळ बसणार. ज्यांनी पेट्या बनविल्या त्यांनी यावर साधी युक्ती योजिली आहे. आतले टोक आधी जोडावयाचेच नाही. ते रिळाच्या पोटात मोकळे ठेवून रिळाबरोबर फिरू द्यावे. हवी तेवढी केबल बाहेर ओढली की रिळास खीळ घालावी, आणि मग आतले टोक पेटीतील खोबणीत बसवावे. पुढे कधी यंत्र हलवावयाचे झाल्यास उलट क्रमाने करावे : प्रथम आतला जोड काढावा, खीळ सोडावी आणि मग ओढावे. हा क्रम मोडून जोर लावला की आतला तंतू मुरडतो. हे कारागिरासमक्ष आमच्या नातवाने करून दाखविले, म्हणून ते नेमके सांगता येते.

फिरते रीळ नसेल आणि भेंडोळे जमिनीवरूनच उलगडावयाचे असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. जुन्या किराणा दुकानांत पुडे बांधण्याचा दोरा छताखाली टांगलेल्या डब्यात असे आणि डब्याच्या भोकातून टोक खाली लोंबत असे. गिऱ्हाईक आले की दोरा ओढावा आणि तोडावा. त्या दोऱ्यास प्रत्येक वेढ्यागणिक एक पीळ बसत असे, पण दोऱ्याचे काय बिघडते? काचेचे बिघडते. वीतभर व्यासाच्या वेटोळ्यात वीस मीटर केबल असेल तर सुमारे तीस वेढे होतात. ते भेंडोळे जाग्यावर ठेवून टोक ओढले तर केबलमध्ये तेवढेच पीळ जमतात आणि कोठेतरी गाठीसारखा आकडा पडतो. संक्रांतीस पतंग उडविणारी मुले हे न शिकता जाणतात. फिरकी दोन्ही हातांत धरून फिरू दिली की मांजा सरळ निघतो, फिरकी उभी धरून वरून ओढला की त्यास वळ्या पडतात. केबलचेही तसेच. भेंडोळे चाकासारखे फिरवीत उलगडावे. फिरविता येत नसेल तर केबल आठाच्या आकड्याच्या आकारात मांडून ठेवावी : आठाच्या एका पोटात बसलेला पीळ दुसऱ्या पोटात उलटा बसतो आणि हिशेब फिटतो. सुतळी अंगठा व करंगळी यांभोवती आठाच्या आकारात गुंडाळण्याची आपल्या हमालांची रीत यामुळेच चांगली आहे. फक्त हाताऐवजी दोन मोठे खुंट घ्यावेत.

शिल्लक केबल बांधावयाची झालीच तर सुतळी नको आणि प्लॅस्टिकची दातेरी पट्टीही नको, कारण ती घट्ट होत जाते आणि सैल होत नाही. चिकटून सुटणारी कापडी पट्टी मिळते, ती बोट आत सरकेल इतकी सैल बांधावी.

रामघाटाच्या परिसरातील आपल्या जुन्या घरांविषयी वेगळे सांगितले पाहिजे. भिंती रुंद, चुन्याच्या आणि ओल धरणाऱ्या. भिंतीस भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूस उतरते पाडावे, म्हणजे पावसाचे पाणी आत ओघळत नाही. बाहेर केबलला भोकाच्या खाली एक झोल द्यावा, म्हणजे पाणी त्या झोलाच्या तळाशी टपकते. केबलसोबत पोलादी तार असेल तर ती घराबाहेरच आकड्यास बांधून तोडावी. काच वीज नेत नाही, परंतु पोलाद नेते, आणि पावसाळ्यात वीज पडली तर ती वाट घरात आणू नये. भोक उरलेल्या जागी मातीने किंवा लांबीने बुजवावे, नाहीतर मुंग्या आणि झुरळे पेटीत घर करतात आणि मग त्यांची हिंसा आपल्या माथी येते. पेटी कोणत्या उंचीवर असावी हे क्षिप्रेस विचारून ठरवावे. पावसाळ्यात घाटावरील लहान देवळे पाण्याखाली जातात हे आपण दरवर्षी पाहतो. खालच्या गल्ल्यांतील घरांनी पेटी आणि यंत्र दोन्ही वरच्या मजल्यावर न्यावे. आमच्या ओसरीवरील पेटी छातीच्या उंचीवर होती, ती आम्ही माडीवर हलविली.

धान्याच्या व्यापाऱ्यास दोन शत्रू अधिक आहेत. एक उंदीर. तो धान्य टाकून केबल का कुरतडतो हे आम्हांस कळत नाही, पण कुरतडतो खरा. गोदामात केबल उघडी न सोडता लोखंडी नळीतून न्यावी. दुसरा शत्रू धूळ. गाभा मिलिमीटरच्या हजार भागांतील नऊ भागांचा आहे हे वर सांगितलेच. चाळणीवर गहू उडविताना जो भुसा उठतो त्याचा एक कण जोडाच्या तोंडावर बसला तरी सारी वाट झाकली जाते. म्हणून पेटीतील खोबणीचे तोंड नेहमी खाली असावे, त्यावर आपोआप मिटणारे झाकण असावे, आणि काढलेल्या टोकावर लगेच टोपी चढवावी. धोतराच्या सोग्याने किंवा रुमालाने टोक पुसू नये, तोंडाने फुंकरही मारू नये, कारण श्वासातली ओल बसते. कारागिरापाशी कोरे पुसणे असते, ते त्यासच करू द्यावे. हिरव्या रंगाचे टोक आठ अंश तिरपे घासलेले असते, निळे सरळ असते. ही दोन एकमेकांत घालू नयेत. जोड बसल्यासारखा दिसतो, परंतु टोके मिळत नाहीत आणि प्रकाश वाया जातो.

आणखी एक गोष्ट घरातील मुलांस अवश्य सांगावी. टोक डोळ्यासमोर धरून 'प्रकाश येतो का' असे कधीही पाहू नये. तो प्रकाश डोळ्यास दिसतच नाही, परंतु डोळ्याच्या पडद्यास इजा करू शकतो. कारागीर तपासणीसाठी जो तांबडा प्रकाश सोडतो तो वेगळा असतो. तोही डोळ्यांत घेऊ नये, पण केबल जेथे मुरडली असेल तेथे तो वेष्टणातून लालसर झिरपताना दिसतो. आमच्या सुतळीच्या मोळीतून तो अंगाराप्रमाणे दिसला होता.

जुन्या तांब्याच्या टेलिफोनास वीज केंद्रातूनच येत असे, म्हणून दिवे गेले तरी फोन बोलत असे. काचेतून वीज येत नाही, म्हणून यंत्रास घरच्या बॅटरीवर जोडून ठेवावे. हे सांगण्याचे कारण, दिवे गेल्यावर केबलच बिघडली असे समजून पेटी उघडणारे सद्गृहस्थ आम्ही पाहिले आहेत.

सन २०२८ च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते आणि घाट यांची कामे निघाली आहेत. खोदकामात केबल तुटणे हे त्यासोबत आलेच. अशा वेळी पेटीपाशी आणि घराबाहेरील खांबापाशी थोडी शिल्लक सोडलेली असली तर जोड त्याच दिवशी होतो. आमच्या पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस आम्ही एक कागद चिकटविला आहे. त्यावर जोडणीची तारीख, त्या दिवसाचा आकडा उणे एकवीस, रिळावर उरलेली केबल अकरा मीटर आणि तंतूची जात एवढे लिहिले आहे. दर दिवाळीस वहीपूजनानंतर कारागिरास बोलावून आकडा पुन्हा घेतो आणि खाली लिहितो. यंदा तो उणे साडेएकवीस भरला.